मागच्या सीटवरचा हंडा

बारामती-इंदापूरकडे लोक लग्नाला जातात, कामाला जातात, मुलांच्या ॲडमिशनला जातात. सहलीला म्हणून कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि आम्हीही त्यासाठी गेलो नव्हतो. माझ्या नवऱ्याच्या मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीच्या एका दवाखान्यात ठरलं होतं आणि त्यांना त्यांच्या कळस गावाहून तिथे आणायचं होतं. एवढंच काम. पण त्याला दोन गाड्या लागल्या, दोन मावसभाऊ लागले आणि त्या दोघांचा लहानपणापासूनचा हट्ट लागला. म्हणून त्याचं प्रवासवर्णन झालं.

आधी गाड्यांची ओळख करून देते. आमच्या घरात माणसांची ओळख नंतरच होते.

पहिली आमची. घरात तिला ठेंगणी म्हणतात. दोन दारं, लांबलचक नाक, मागे उतरत गेलेलं छप्पर आणि उंची माझ्या कमरेच्या थोडी वर. माझे सासरे, आप्पा, वालचंदनगरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून त्यांनी ही गाडी घेतली. पुढे ती बंद पडली आणि बरीच वर्षं ताडपत्रीखाली उंदरांच्या ताब्यात होती. मग माझ्या नवऱ्याने, म्हणजे मिलिंदने, तिला पुण्याला आणलं आणि नऊ वर्षं सगळे रविवार तिच्यात घातले. त्यात माझी दोन चांगली पातेली नटबोल्ट भिजवण्यात गेली. पुढे दोन माणसं नीट बसतात. मागे एक बाक आहे. त्याला सीट म्हणायचं तर दोन लहान मुलं हवीत, नाहीतर एक समजूतदार कुत्रं.

दुसरी बाळासाहेबची. बाळासाहेब म्हणजे मावशींचा मुलगा. शेती कळसला आणि मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी फ्लॅट बारामतीत. त्याने दिवाळीत पांढरीशुभ्र, दांडगी, चढायला पायरी असलेली एसयूव्ही घेतली. ठेंगणी तिच्या शेजारी उभी राहिली की हत्तीच्या पायाशी पाट ठेवल्यासारखी दिसते.

मिलिंदला या प्रवासातून एकच गोष्ट हवी होती. मावशींनी ठेंगणीत बसावं. आप्पा गेले, सासूबाई गेल्या, आणि गाडी जेव्हा खरंच चालायला लागली तेव्हा तिला तिच्या ऐन उमेदीत पाहिलेलं घरातलं एकच माणूस उरलं होतं. पण मावशींनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "आणायची तर आण. त्या गाडीत म्या बसायची न्हाय." का, ते सांगितलं नाही. मिलिंदने विचारलंही नाही. पुरुष गाडीला काय झालंय ते कान लावून ऐकतात, माणसाला मात्र विचारायचं राहून जातं.

बारामती

आम्ही पोचलो तेव्हा ठेंगणीच्या नाकातून वाफ निघत होती. पाटसच्या पुढे एकदा थांबून तिला पाणी पाजलं होतं, तरी तहान होतीच. बाळासाहेब खाली येऊन उभाच होता.

"आली का म्हातारी? म्हटलं ढकलत आणताय का काय."

"स्वतःच्या पायांनी आली," मिलिंद म्हणाला. "तुझ्या गाडीसारखी हप्त्यावर नाही आली."

हे दोघे एका वयाचे, दोघांचीही डोकी पांढरी झालेली. पण भेटले की पहिला अर्धा तास शाळेच्या मैदानावर असल्यासारखे बोलतात. शिवाय मिलिंदची भाषाही बारामतीची कमान दिसली की अधूनमधून बदलते. पुण्यात "आहे, नाही" करणारा हा गृहस्थ पाण्याची बाटली मागताना मला "हाय का गं" म्हणाला.

मग पांढरीचं दर्शन झालं. छप्पर आपोआप उघडलं आणि आपोआप मिटलं. सीटमधून गार वारा आला, तो मला मुळीच नको होता, कारण जानेवारी होता. पडद्यावर गाडी वरून दिसायला लागली, जणू आकाशातून कुणीतरी बघतंय.

"चारी बाजूनं कॅमेरे हाईत, वहिनी. ह्यात गाडी वरनं दिसती."

"आमची बघायला कॅमेरा लागत नाही," मिलिंद म्हणाला. "नुसतं उभं राहिलं की वरूनच दिसते."

मी माझी खाण्याची पिशवी पांढरीच्या मागच्या सीटवर ठेवली तर गाडीने बोंब मारायला सुरुवात केली. मी दचकले. पिशवीत काही आहे की काय असं वाटलं.

"काय न्हाय वो. वजन लागलं की तिला वाटतं माणूस बसलंय. पट्टा लावा."

"पिशवीला?"

"लावा, न्हायतर गप बसायची न्हाय."

मी दशम्यांना पट्टा लावला. गाडी गप्प झाली. माणूस आणि दशम्या यांतला फरक कळत नसलेल्या यंत्राचं इतकं कौतुक मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाळासाहेबची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती, त्यामुळे फ्लॅटमध्ये चहापुरतंच दूध होतं. रात्री खानावळीत गेलो. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण, वर तेलाचा तवंग. पुण्यात आम्ही तिखट म्हणतो त्याला इथे फिक्कं म्हणतात. बारामतीचे रस्ते रुंद आणि झाडून घेतल्यासारखे आहेत. मध्ये फुलझाडं, कडेला चालायला जागा. पुण्याच्या माणसाला तिथे चुकल्याचुकल्यासारखं होतं. खड्डा येईल म्हणून मी पाय आवळून बसले होते, तो आलाच नाही.

जेवताना मी विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी मावशींजवळ कोण थांबणार?"

"थांबायचं काय त्यात," बाळासाहेब म्हणाला. "दहा मिन्टाचं काम. सोडायचं आन् घिऊन यायचं."

गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दलही तो असंच बोलतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कळसच्या वाटेवर

सकाळी दोन्ही गाड्या निघाल्या. पुढे पांढरी, मागे आम्ही. धरणाच्या डाव्या कालव्याला पाणी होतं, दोन्हीकडे ऊस, मधूनच केळी, आणि थंडीत रस्त्याकडेला शेकोट्या. ऊसतोड जोरात होती.

आता गतिरोधकांबद्दल. या भागात प्रत्येक गावाने आपापला गतिरोधक आपापल्या स्वाभिमानाप्रमाणे बांधलेला आहे. काही तर बांधच वाटतात. पांढरी त्यांच्यावरून डुलत जायची. ठेंगणीचं पोट मात्र जमिनीपासून चार बोटं. म्हणून मिलिंदने नियम केला होता की मोठा गतिरोधक आला की मी उतरायचं, गाडी हलकी करायची, त्याने ती तिरपी तिरपी पलीकडे न्यायची आणि मी चालत जाऊन परत बसायचं. त्या रस्त्यावरचे किती गतिरोधक मी पायी ओलांडले ते आता मोजत नाही. एका ठिकाणी खुरपायला निघालेली एक बाई थांबलीच.

"का वो ताई? भांडान झालं का? उतरवलं व्हय गाडीतनं?"

"नाही हो. गाडी घासते खाली."

तिने गाडीकडे पाहिलं, मिलिंदकडे पाहिलं, आणि माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "आसूं द्या," म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता.

पांढरीचीही फजिती झाली, नाहीतर हे वर्णन एकतर्फी झालं असतं. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर होता, उसाने गच्च, मोठ्याने गाणी लावलेला. ट्रॉलीबाहेर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाची हिरवी शेंडकी पानं, वाऱ्याने हलली की पांढरी आपली आपणच ब्रेक मारायची. बाळासाहेब पुढे जायला बघायचा, वाढी हलायची, पांढरी टुंग टुंग करून थबकायची. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी तो खिडकीतून हात काढून ट्रॅक्टरवाल्याला ओरडला, तर ट्रॅक्टरवाल्याला गाण्यात ऐकूच गेलं नाही.

पुढच्या टपरीवर चहाला थांबलो तेव्हा मिलिंदच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

"बाळ्या, बागायतदाराची गाडी आणि उसाला भिते?"

"तिला सवय न्हाय अजून," बाळासाहेब म्हणाला. "शिकंल."

"आमची शिकली नाही का, गतिरोधकाला?"

"तुझी कुठं शिकली? वहिनी शिकल्या."

मी बाळासाहेबला चहाबरोबर माझ्याकडची एक दशमी वाढली.

वालचंदनगर

आत शिरल्यावर झाडं मोठी होतात आणि आवाज लहान. एकसारखी क्वार्टर्स, पुढे छोटं अंगण, कुंपणाला जास्वंद. मिलिंद गाडी अगदी सावकाश चालवत होता. तो लहानपणी ज्या क्वार्टरमध्ये वाढला ते अजून तसंच होतं, फक्त व्हरांड्याला आता ग्रिल होतं आणि आत दुसऱ्यांचे कपडे वाळत होते.

तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारे गृहस्थ आले, थोडे पुढे गेले, आणि सायकल वळवून परत आले.

"आप्पांची गाडी न्हवं ही?"

मिलिंद उतरून त्यांच्या पाया पडला. ते कारखान्यातच होते, आता निवृत्त, मुलाकडे राहतात. त्यांनी ठेंगणीच्या टपावर हात ठेवला, तो ठेवायला त्यांना वाकावं लागलं. म्हणाले, "दर रविवारी धुवायचे. साबण लावून. पोरं धुतल्यावानी. आन् मग एकलेच चक्कर मारून यायचे."

"एकटे का?" मी विचारलं. "सासूबाई?"

"न्हाय, त्या कधी बसल्या न्हाईत हिच्यात. आमी समदे बगायचो की. बाजाराला चालत, गावाला यष्टीनं. आप्पा लई म्हणायचे, चल, चल. त्या आपल्या हसून आत जायच्या."

"आईला पेट्रोलचा वास सहन व्हायचा नाही," मिलिंद म्हणाला. "मळमळायचं."

हे मलाही लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं गेलं होतं. सासूबाई गाडीला "माझी सवत" म्हणायच्या आणि सगळे हसायचे. मीही हसले होते. इतकी सोपी गोष्ट पुन्हा तपासून पाहावी असं कुणाला वाटणार?

कळस

मावशी अंगणात बसल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी आधी पांढरी ओळखली, ती कुणालाही ओळखता येते. मग तिच्यामागून ठेंगणी आली. मावशींना तिचा आकार दिसला नसेल, पण आवाज कळला. हात खाली आला.

"तसाच आवाज हाय गं बया," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "जेवाय वाढते. हातपाय धुवा."

मिलिंदने मोठ्या आशेने दार उघडून दाखवलं. मावशी गाडीला वळसा घालून तुळशीकडे गेल्या, वाटेत खांब असावा तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा न्हाणीत चुलीवर एक तांब्याचा हंडा पाहिला. पोट काजळीने काळं, पण काठ चिंचेने घासून लख्ख. खांद्यावर नावं कोरलेली होती, मावशींचं आणि त्यांच्या यजमानांचं, तात्यांचं. हंडा लग्नातला होता. त्याला इतक्या वर्षांत कुठे एक पोचा आला नव्हता, हे मला तेव्हा फक्त कौतुकाचं वाटलं.

दुपारी शेताच्या बांधावर हुरडा केला. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि दही, शेंगदाण्याची चटणी, गूळ यांच्याबरोबर खायची. पुण्याजवळ हुरडा पार्टी असते, तिथे पाळणा असतो, उंट असतो आणि हुरडा चमचाभर असतो. इथे उंट नव्हता. मावशी चोळत होत्या आणि माझ्या ओंजळीत टाकत होत्या, त्यामुळे मी नको म्हणायची सोयच नव्हती. दोघे भाऊ लांब उभे राहून दोन्ही गाड्यांची टायरं लाथा मारून तपासत होते. टायरला लाथ मारून काय कळतं हे मला एकदा कुणीतरी सांगावं.

मी विचारलं, "मावशी, ठेंगणीवर एवढा राग का हो?"

त्या काही वेळ कणीस चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माज्या लग्नात ती गाडी हुती."

लग्न बारामतीजवळच्या माहेरच्या मळ्यावर झालं. त्या काळात नवरी बैलगाडीने नाहीतर ट्रकने जायची. पण मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे आप्पा, नवी घेतलेली गाडी घेऊन आले होते आणि नवरी मोटारीतून सासरी जाणार म्हणून पंचक्रोशी गोळा झाली होती. आप्पा चालवायला, कारण दुसऱ्या कुणाला ती चालवता यायची नाही. शेजारी नवरदेव. मागच्या बाकावर नवरी. आणि तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून जायला तिची थोरली बहीण, आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, नऊवारी नेसून पिशवी घेऊन उभी. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई तिच्या सोबत जाते, चार दिवस राहते. ती पाठराखीण. तिच्याशिवाय पोरगी धाडत नाहीत.

"आन् मग त्यो हंडा आला," मावशी म्हणाल्या. "आहेराचा. नवा कोरा. भाऊजी म्हटले, माणूस काय, यष्टीनं बी यील. हंडा यष्टीत चेपंल. म्हणून हंडा ठिवला माज्या बाजूला, आन् आक्काला म्हटले तू उद्या ये."

"आणि सासूबाई?"

"काय बोलणार? गाडीभवती समदं गाव. हात वर करून ऱ्हायली हुबी, धुरळ्यात. म्या मागल्या काचंतनं बगत ऱ्हायले."

कळसला वरात पोचली. दारात बायका जमल्या. सासूने विचारलं, नवरीसोबत कोण आलंय? मावशींनी बाजूला पाहिलं. बाजूला हंडा होता. सगळ्या बाया हसल्या, आणि पुढे किती वर्षं त्यांना कळसमध्ये हंडेवाली म्हणायचे. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पहिली रात्र त्या हंड्याला टेकून बसून काढली, असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मला आप्पांचा राग आला. ते मला फार आवडायचे, तरी आला.

"भाऊजी वाईट न्हवतं गं," त्याच म्हणाल्या. "पर हंडा मावला आन् बहीण मावली न्हाय, हे काय माझ्या मनातनं जात न्हाय. आन् आक्का नंतर त्याच गाडीत मिरवत आसंल, हे बी डोळ्याफुडं यायचं."

मग मी त्यांना वालचंदनगरच्या सायकलवाल्या गृहस्थांनी सांगितलेलं सांगितलं. की सासूबाई त्या गाडीत कधी बसल्याच नाहीत, बाजाराला चालत गेल्या, गावाला एसटीने. पेट्रोलच्या वासाने मळमळायचं म्हणून.

मावशींच्या हातातलं कणीस थांबलं.

"मळमळायचं? आक्काला? ती ट्रकच्या हौद्यात बसून जत्रंला जायची, गाणी म्हणत." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ते मोतीबिंदूचं पाणी असल्यासारखं मला सांगितलं, "डोळ्याला लई पाणी येतंय आताशा."

थोड्या वेळाने, अगदी दुसरंच काही बोलावं तशा आवाजात, त्यांनी विचारलं, "आपरेशनला आत एकलीलाच न्हेत्यात का गं?"

"आत एकटीलाच. पण मी दाराशी असते."

"बाळ्या म्हणतोय दहा मिन्टाचं काम हाय."

"मी असते," मी म्हणाले.

पुन्हा बारामतीकडे

निघायच्या सकाळी अंगणात वादळ होतं. मावशी ऑपरेशननंतर महिनाभर बारामतीच्या फ्लॅटवर राहणार होत्या. त्यांच्या बरोबर ज्वारीचं पोतं निघालं, गुळाची ढेप निघाली, गोधड्यांचं गाठोडं, लोणच्याची बरणी. आणि हंडा.

"आई, फ्लॅटवर गीझर हाय," बाळासाहेब म्हणाला.

"आसंल. माजी अंघोळ हंड्यातच व्हती."

बाळासाहेबने वाद घातला नाही, कारण त्याला पांढरीचं पोट दाखवायची ही संधी होती. त्याने मागच्या सीटा आडव्या केल्या. पोतं आत गेलं. ढेप गेली. गोधड्या गेल्या. एक सीट त्याने सरळ ठेवली, तिच्यावर हंडा बसवला आणि भोवती उशा लावल्या. चेपायला नको. दोन पावलं मागे सरकून, कमरेवर हात ठेवून त्याने आपल्या गाडीकडे पाहिलं.

"बग मिल्या. अख्खं घर मावलं. तुझ्या डबड्यात एक उशी मावंल का?"

मिलिंद ठेंगणीची काच पुसत राहिला. मावशी पांढरीतून जाणार हे ठरल्यासारखंच होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मावशींसाठी पायरीखाली पाट ठेवला. त्यांनी एक पाय पाटावर, एक पायरीवर ठेवला, दाराची मूठ धरली, आणि मागे वळून विचारलं, "शुभा कुठं बसणार?"

शुभा म्हणजे मी.

"वहिनी मिलिंदबरुबर येत्याल की मागनं," बाळासाहेब म्हणाला. "हितं आता जागा कुठं हाय?"

मावशींनी आत पाहिलं. त्यांना दिसतं कमी, पण उशांमध्ये बसलेला तो तांब्याचा काठ सकाळच्या उन्हात असा चमकत होता की आंधळ्यालाही दिसला असता. त्या तशाच उभ्या राहिल्या, अर्ध्या जमिनीवर, अर्ध्या गाडीत.

"परत त्येच?" त्या म्हणाल्या. "एवढी हत्तीएवढी गाडी घेतली, आन् परत हंडा आत, आन् बाई भाईर?"

बाळासाहेबला काहीच कळलं नाही. तो हंड्याकडे बघायला लागला, तो नीट बसलाय ना म्हणून.

मावशी पाटावरून खाली उतरल्या. अंगण ओलांडून ठेंगणीपाशी गेल्या आणि टपावर दोनदा चापट मारली, म्हैस बाजूला सारावी तशी.

"मिलिंदा, हिच्यात मागं काय ठिवलंय?"

"काही नाही मावशी."

"मग शुभा, बस मागं."

मिलिंदने पुढची सीट वाकवली. मी आत शिरले. शिरले म्हणजे कशी, ते सांगत नाही. माझे गुडघे हनुवटीला लागले, डोकं छपराला, आणि एक कोपर नेमकं कुठे गेलं हे मला बारामतीपर्यंत सापडलं नाही. मग मावशींची पाळी. या वयात त्या इतक्या खाली कशा बसणार अशी आम्हा सगळ्यांना धास्ती होती. पण जन्मभर जमिनीवर बसून भाकरी थापलेल्या बाईला ठेंगणीची कसली भीती? त्यांनी पाठ केली, ओट्यावर टेकावं तशा टेकल्या, आणि पाय उचलून आत घेतले. पांढरीच्या पाटापेक्षा निम्म्या वेळात. पदर सावरून त्यांनी दार स्वतः ओढून घेतलं.

गाडी सुरू व्हायच्या आधी त्यांनी पुढून हात मागे केला. मी धरला.

"मावतंय की गं," त्या म्हणाल्या. "जरा आवळून बसलं की मावतं."

मिलिंद किल्ली फिरवायची सोडून समोर बघत राहिला. नंतर त्याने नाक पुसलं आणि चोक जास्त ओढला, त्यामुळे गाडी आधी खोकली आणि मग सुरू झाली.

मागून पांढरी निघाली ती बोंबलतच. बाळासाहेब थांबला, उतरला, आणि हंड्याला पट्टा लावून परत बसला. ते मला मागच्या काचेतून नीट दिसलं, कारण मला मान दुसरीकडे वळवताच येत नव्हती.

पहिला मोठा गतिरोधक आला. मिलिंदने सवयीने गाडी थांबवली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला बाहेर काढायचं तर आधी मावशींना उतरवावं लागलं असतं.

"का थांबलास?" मावशींनी विचारलं.

"खाली घासते मावशी. वजन जास्त झालं की."

"घासूं दे. कुणी उतरायचं न्हाय."

मिलिंदने गाडी तिरपी घातली. खाली काहीतरी लांबलचक करकरलं, नऊ वर्षांच्या रविवारांवरून कुणी खिळा ओढावा तसं. एरवी ठेंगणीला ओरखडा गेला की हा माणूस जेवत नाही. आता त्याने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. पुढच्या गतिरोधकावर थांबलाच नाही.

वाटेत मावशी बोलत होत्या. हा मळा कुणाचा होता, इथे पूर्वी मोट होती, इथे धुरळा इतका होता की मागलं काही दिसेना. त्यांना आता काहीच स्पष्ट दिसत नव्हतं, तरी वळणं त्यांनी बरोबर सांगितली. त्यांनी हे सगळं उलट्या दिशेने एकदा पाहिलं होतं, मागे तोंड करून.

दवाखान्यात बाळासाहेब आमच्या आधी पोचला होता. हंडा गाडीतच होता, पट्ट्यात. आम्ही तिघं उतरलो. मला बाहेर काढायला दोन माणसं लागली. आतल्या बाकावर बसलो, मावशींच्या डोळ्यात थेंब घातले, आणि हिरव्या टोपीतली एक नर्स दारात आली.

"आजींसोबत कोण आहे?"

बाळासाहेब उठायला लागला. मावशींनी त्याला हाताने खाली बसवलं. मग चाचपून माझं मनगट शोधलं आणि माझा हात उंच वर धरला, शाळेतल्या पोरीने उत्तर येतं म्हणून धरावा तसा.

"ही हाय," त्या म्हणाल्या. "माजी पाठराखीण."

मी उठून उभी राहिले. पाय अजून सरळ होत नव्हते, म्हणून दारापर्यंत त्यांनीच मला धरून नेलं.